बापूजी अणे : पक्षांतर आणि संसदेतील कामगिरी

मंगरूळपीर तालुक्यातील ज्या मोजक्या सारा भरणाऱ्या आणि प्राप्तिकर देणाऱ्या गृहस्थांना १९२३ साली मध्यवर्ती कायदेमंडळासाठी मतदान करता आले, त्यांचे मत कायद्याच्या काटेकोर अर्थाने मत नव्हतेच. वऱ्हाड हा निजामाचा मुलूख. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये खंड ठरवून तो कायमच्या पट्ट्याने घेतला. कारभार सगळा इंग्रजांचा, पण सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचे, अशी ही विचित्र अवस्था होती. साहजिकच वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हे, आणि जो भाग नाही तेथून कायदेमंडळावर कोणी निवडून कसा येणार, असा पेच पडला. त्यावर काढलेली तोड मोठी मासलेवाईक होती. वऱ्हाडातील मतदारांनी मते द्यावीत, ज्याला अधिक मते पडतील त्याचे नाव सरकारला कळवावे आणि सरकारने त्याला नामनियुक्त सभासद म्हणून दिल्लीला बोलवावे. १४५ सभासदांच्या त्या मंडळात १०४ निवडून आलेले होते. वऱ्हाडचा एकुलता एक प्रतिनिधी त्यांत मोजला जात नसे.

ती जागा बहुतेक काळ माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे यांच्याकडे होती. नावापुरता सरकारनियुक्त असलेला हा सभासद पुढे सरकारविरोधी बाकावरील एका पक्षाचा नेता झाला, यावरून सभागृहातील पाटीवर जे लिहिलेले असते त्याला किती महत्त्व द्यावे, हे कळून येते. अणे यांच्या चरित्रात अशा पाट्या अनेक आहेत. स्वराज्य पक्ष, प्रतियोगी सहकार पक्ष, काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष, व्हाइसरॉयचे कार्यकारी मंडळ, नाग विदर्भ आंदोलन समिती आणि शेवटी अपक्ष. आजच्या भाषेत त्यांची गणना सरसकट पक्षांतर करणाऱ्यांत होईल. ती न्याय्य आहे की नाही, हे पाट्या मोजून ठरत नाही. दर बदलानंतर सभागृहात त्यांनी काय केले आणि तो बदल ते मतदारांपुढे घेऊन गेले की नाही, हे पाहावे लागते.

वणी येथे २९ ऑगस्ट १८८० रोजी जन्मलेले अणे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, काही काळ अमरावतीस शिक्षक होते आणि नंतर यवतमाळला वकिली करू लागले. लोकमान्य टिळकांवरील निष्ठा हा त्यांच्या राजकारणाचा उगमही होता आणि मर्यादाही. होमरूल चळवळीत त्यांनी वऱ्हाड पिंजून काढला. १९२१ पासून सुमारे दशकभर वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. गांधीयुग सुरू झाल्यावरही नागपूर-वऱ्हाडातील जी टिळकपंथी मंडळी काँग्रेसमध्ये राहिली, पण कायदेमंडळांवरील बहिष्कार ज्यांना कधीच मनापासून पटला नाही, त्यांत अणे अग्रभागी होते. म्हणूनच चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढताच ते त्यात गेले आणि १९२३ च्या निवडणुकीने दिल्लीला पोचले.

स्वराज्य पक्षाचे धोरण अडवणुकीचे होते. मंडळात शिरायचे ते सरकारचा गाडा रोखण्यासाठी. अधिकारपद घ्यायचे नाही. मध्य प्रांतात या धोरणाने काही काळ मंत्र्यांचे राज्यच अशक्य करून टाकले. पण अडवणूक किती काळ पुरणार, हा प्रश्न नागपूर-वऱ्हाडातच प्रथम टोकाला गेला. ऑक्टोबर १९२५ मध्ये अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे, जे स्वराज्य पक्षाचे असून प्रांतिक कौन्सिलाचे अध्यक्ष होते, त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली आणि पक्षात एकच काहूर माजले. मोतीलालजींनी कठोर भूमिका घेतली. केळकर, जयकर, डॉ. मुंजे यांनी तांब्यांचा कैवार घेतला. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्याला परिषद भरली आणि प्रतियोगी सहकार पक्षाची स्थापना झाली. नाव टिळकांच्या शब्दाचे, धोरण देशहित साधेल तेथे सहकार आणि नसेल तेथे विरोध. अणे या पक्षात होते. मंगरूळपीर त्या वेळी अकोला जिल्ह्यातच होते, तेव्हा ही फाटाफूट त्या मतदारांच्या अंगणातच झाली म्हणावयाची.

त्याच वर्षाच्या अखेरीस सार्वत्रिक निवडणूक झाली. अणे नव्या झेंड्याखाली उभे राहिले आणि वऱ्हाडने त्यांना पुन्हा पाठविले. ही गोष्ट लहान दिसते, पण तिच्यावर बरेच काही अवलंबून आहे. पक्ष सोडणे आणि मतदारांचा कौल घेणे यांत काही महिन्यांचेच अंतर राहिले.

सहकार या शब्दाने अनेकांना वाटले होते की ही मंडळी आता सरकारच्या दाराशी उभी राहणार. पुढील तीन वर्षांच्या मतविभागण्या पाहिल्या तर तसे दिसत नाही. मालवीय आणि लाला लजपतराय यांच्या राष्ट्रवादी गटाबरोबर प्रतियोगी मंडळी बसत आणि मोठ्या प्रश्नांवर हा गट स्वराज्य पक्षाच्या खांद्याला खांदा लावून उभा राही. फेब्रुवारी १९२८ मध्ये सायमन कमिशनवर अविश्वास दाखविणारा लजपतरायांचा ठराव ६८ विरुद्ध ६२ मतांनी मंजूर झाला. त्याच वर्षी सार्वजनिक सुरक्षेच्या विधेयकावर मते समसमान पडली आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांच्या निर्णायक मताने ते फेटाळले गेले. एकेका मताला जेथे एवढी किंमत होती तेथे फुटून निघालेल्यांनी कोणत्या बाजूला बसावे, याला निव्वळ नामाभिधानापेक्षा अधिक अर्थ होता. याच काळात मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालील घटना समितीवर अणे होते. ज्या नेत्याशी त्यांचे दोन वर्षांपूर्वी बिनसले, त्याच्याच अहवालावर त्यांनी १९२८ साली सही केली. विभक्त मतदारसंघ नकोत, संयुक्त हवेत, हा त्या अहवालाचा एक मुख्य मुद्दा होता. पुढच्या हकिकतीसाठी हा मुद्दा ध्यानात ठेवावा लागतो.

१९३० साली कायदेभंग आला आणि सहकाराचा पुरस्कर्ता तुरुंगात गेला. वऱ्हाडला समुद्र नाही, तेव्हा मीठ कोठून करणार? येथे रयतेला जाचणारा कायदा जंगलचा होता. राखीव रानातले गवत कापणे हा गुन्हा, आणि गुरे तर उपाशी. १० जुलै १९३० रोजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला आणि सहा महिन्यांची शिक्षा घेतली. पुसद आणि मंगरूळ हे दोन्ही तालुके १९०५ पर्यंत एकाच बाशीम जिल्ह्यात होते. जिल्हा मोडल्यावर पुसद यवतमाळकडे आणि मंगरूळ अकोल्याकडे गेले इतकेच. त्या रानांची आणि त्या गवताची गोष्ट मंगरूळपीरच्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्यानंतर अणे काँग्रेसच्या अगदी गाभ्यात गेले. १९३१ पासून ते कार्यकारिणीवर होते, सुभाषबाबू आणि सेनगुप्त यांच्यातील बंगालचे भांडण मिटविण्यास त्यांनाच पाठविण्यात आले, आणि १९३३ मध्ये काँग्रेस बेकायदा असताना ते तिचे हंगामी अध्यक्ष होते. पुण्याच्या बैठकीनंतर सामुदायिक कायदेभंग थांबविण्याचा अप्रिय आदेश त्यांच्याच सहीने निघाला. इतक्या वर चढलेल्या माणसाने वर्षभरातच पक्षनेतृत्वाशी फारकत घ्यावी, हे स्वार्थाच्या हिशेबात बसत नाही.

फारकतीचे कारण जातीय निवाडा. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी कोणत्या समाजाला किती जागा आणि कोणाचे मतदारसंघ विभक्त, हे एकतर्फी ठरवून टाकले. दलितांपुरता त्यात पुणे कराराने बदल झाला. बाकीचा निवाडा तसाच राहिला. बंगालच्या २५० जागांत सर्वसाधारण जागा अवघ्या ८० ठेवल्या गेल्या. काँग्रेसने काय करावे? नाकारावा तर मुसलमान दुरावतात, स्वीकारावा तर राष्ट्रीयत्वाचे तत्त्वच सुटते. जून १९३४ मध्ये कार्यकारिणीने स्वीकारही नाही आणि धिक्कारही नाही असा मधला मार्ग काढला. मालवीयांना आणि अण्यांना तो मानवला नाही. गांधीजींनी समजूत घालण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. तो फळला नाही. मालवीयांनी संसदीय मंडळाचा आणि अण्यांनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला व ऑगस्टमध्ये कलकत्त्यास काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष उभा राहिला.

या भांडणात कोणाची बाजू बरोबर होती, याचा निर्णय नव्वद वर्षांनंतरही सोपा नाही. काँग्रेसच्या मौनाने मुसलमान मतदार तिच्याकडे आला नाही, हे पुढे दिसले. पण नॅशनॅलिस्टांच्या विरोधाने निवाड्याची एक ओळही बदलली नाही, हेही तितकेच खरे. शिवाय या विरोधाचा सूर अनेकदा एका समाजाच्या तक्रारीचा वाटे, राष्ट्राच्या तत्त्वाचा नव्हे. अण्यांचे हिंदुत्वनिष्ठ मंडळींशी असलेले सख्य पाहता ही शंका निराधार म्हणता येत नाही. तथापि १९२८ च्या अहवालावर सही करणाऱ्याने १९३४ साली विभक्त मतदारसंघांना विरोध केला तर त्याने मत बदलले असे म्हणता येणार नाही. बदलले ते काँग्रेसचे धोरण, आणि अण्यांनी पद सोडले ते त्यासाठी.

दुसरी गोष्ट अशी की त्यांनी काँग्रेस सोडलीही नाही. पक्षाच्या नावातच ती ठेवली. काँग्रेसनेही मालवीय व अणे यांच्याविरुद्ध उमेदवार न देण्याचे ठरविले. हा मोठेपणा आजच्या राजकारणात शोधूनही सापडावयाचा नाही. नोव्हेंबर १९३४ च्या निवडणुकीत नव्या पक्षाच्या डझनभर जागा आल्या. बंगालमध्ये तर अधिकृत काँग्रेसपेक्षा त्याचीच सरशी झाली. सभागृहात अणे या गटाचे नेते झाले. येथेही पक्षातून बाहेर पडणे आणि मतदारांसमोर जाणे यांत तीन महिन्यांचे अंतर होते.

आता ती डझनभर मते कोठे पडली ते पाहावे. सभागृहात काँग्रेसचे नेते भुलाभाई देसाई, स्वतंत्र गटाचे जीना, आणि मध्ये अण्यांची तुकडी. सरकारजवळ नियुक्त सभासदांची हमखास फळी असल्याने विरोधकांतील एक गट जरी ढळला तरी सरकारचा जय ठरलेला. अशा वेळी भुलाभाईंना अण्यांचा आधार बहुतेक मोठ्या प्रसंगी मिळाला. दडपशाहीचे कायदे असोत, अंदाजपत्रक असो, अधिकृत काँग्रेसला खाली पाहायला लावण्यासाठी सरकारशी हातमिळवणी करण्याचा मोह या गटाने टाळला. फुटून निघालेला गट मूळ पक्षावर डूख धरतो हा सर्वसाधारण अनुभव. येथे तो आला नाही.

फेब्रुवारी १९३५ मध्ये नव्या घटनेच्या संयुक्त समितीच्या अहवालावर चर्चा झाली. जीनांची दुरुस्ती तीन भागांत मताला टाकण्यात आली. पहिला भाग, पर्यायी तोडगा निघेपर्यंत जातीय निवाडा चालू ठेवावा, असा. काँग्रेस तटस्थ राहिली, सरकार जीनांच्या बाजूने गेले आणि विरोधात उभे राहिले ते मूठभर. नंतर प्रांतिक योजना व संघराज्य यांच्यावर टीका करणारे भाग आले, तेव्हा हेच मूठभर लोक आणि काँग्रेस दोघेही जीनांबरोबर गेले आणि सरकार ७४ विरुद्ध ५८ मतांनी हरले. एका दुपारी एकाच माणसाच्या ठरावाला एका कलमावर विरोध आणि दुसऱ्यावर पाठिंबा! पक्षनिष्ठेच्या मोजपट्टीवर हे वर्तन गोंधळाचे वाटेल. ज्या मतदाराला निवाडा नको होता आणि सरकारची घटनाही नको होती, त्याला त्यात गोंधळ वाटण्याचे कारण नव्हते.

येथे विलायतेतील एका उदाहरणाची आठवण होते. विन्स्टन चर्चिल ३१ मे १९०४ रोजी हुजूर पक्षाचे बाक सोडून उदारमतवाद्यांत जाऊन बसले आणि मतदारांपुढे गेले ते जानेवारी १९०६ मध्ये. वीस वर्षांनी ते परतही आले. इंग्रजांनी त्यांना अविश्वासू ठरविले, आणि मंत्रीही केले. तेथील पार्लमेंटात असा बाकबदल कायद्याने अडविलेला नाही. आपल्याकडे १९६७ नंतर आयाराम-गयारामांचा बाजार भरला, म्हणून १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती करून पक्षांतराला बंदी घालावी लागली आणि २००३ मध्ये एकतृतीयांश फुटीची पळवाटही बंद करावी लागली. कायदा आवश्यक होता यात शंका नाही. पण त्याने व्हिपविरुद्धचे मतच सभासदत्वाच्या मुळावर आणले. १९३५ सालच्या त्या दुपारी कोणी कोणत्या कलमावर काय केले हे सांगता येते, तसे आजच्या बहुतेक खासदारांविषयी सांगता येत नाही. पक्षाचे मत कळले की सभासदाचे कळते. आणि घाऊक पक्षांतर तर त्यानंतरही थांबले नाही, हे महाराष्ट्राला कोणी वेगळे सांगावे असे नाही.

अण्यांच्या कारकीर्दीचा जो भाग खरोखर अडचणीचा आहे तो १९४१ पासूनचा. जुलै महिन्यात व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कार्यकारी मंडळ वाढविले आणि त्यात प्रथमच भारतीयांची संख्या अधिक झाली. सर होमी मोदी, नलिनीरंजन सरकार, सर सुलतान अहमद, मध्य प्रांतातले राघवेंद्र राव यांच्याबरोबर अणेही त्यात गेले. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे आले. त्या वेळी वैयक्तिक सत्याग्रहात काँग्रेसचे हजारो लोक तुरुंगात होते. टिळकपंथी सहकाराचे सूत्र लावून या निर्णयाचे समर्थन करता येते. युद्धकाळात मिळेल ते अधिकारपद हाती घ्यावे, हा विचार अकोल्याच्या परिषदेपासून त्यांच्या मनात होताच. पण १९२६ आणि १९३४ चा जो मोठा गुण, तो येथे नाही. १९३४ साली निवडलेल्या मंडळाची मुदत सरकार वारंवार वाढवीत गेले आणि नवी निवडणूक १९४५ पर्यंत झालीच नाही. विरोधी बाकावरून सरकारी बाकावर गेलेल्या आपल्या प्रतिनिधीविषयी वऱ्हाडच्या मतदाराला काय वाटले, हे त्याला कोणी विचारलेच नाही.

पद घेतल्यावर काम नव्हते असे नाही. १९४२ च्या आरंभी ब्रह्मदेश पडला आणि लाखो भारतीय रानावनांतून पायी परत येऊ लागले. त्यांची जबाबदारी याच खात्याची. युरोपियांना एक वाट आणि भारतीयांना दुसरी, या भेदभावाविरुद्ध देशभर संताप होता.

मग ९ ऑगस्ट उजाडला. गांधीजी व सारी कार्यकारिणी पकडली गेली. ज्या कार्यकारिणीवर अणे एके काळी बसत, तिला कैद करणाऱ्या सरकारचे ते सभासद होते. आठवड्याभरात चिमूरला जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले आणि त्यानंतर आलेल्या लष्कराने गावातील स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या. चिमूर हे वऱ्हाडच्या शेजारचे, नागपूरकडचे गाव. सेवाग्रामचे प्रा. भणसाळी चौकशीची मागणी घेऊन नोव्हेंबरमध्ये दिल्लीला गेले आणि त्यांनी अण्यांच्या दारातच उपोषण मांडले. त्यांना पकडून परत पाठविण्यात आले, उपोषण चालूच राहिले, आणि एकंदर ६३ दिवसांनी, १२ जानेवारी १९४३ रोजी ते सुटले. निःपक्षपाती चौकशी झाली नाही. एक सभासद सारे मंडळ वाकवू शकत नव्हता, हे मान्य केले तरी त्याला बाहेर पडण्याची मुभा होती. अण्यांनी ती त्या वेळी वापरली नाही. त्यांच्या चाहत्यांनी लिहिलेल्या गौरवपर मजकुरात हे सहा महिने बहुधा एका वाक्यात उरकलेले आढळतात. ते तसे उरकता येत नाहीत.

त्यांनी राजीनामा दिला तो पुढच्या महिन्यात. १० फेब्रुवारीला गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. प्रकृती ढासळली तरी सुटका नाही, हा लंडनचा निर्धार होता आणि लंडनला पंतप्रधानपदी तेच चर्चिल होते. १७ फेब्रुवारी रोजी अणे, मोदी आणि सरकार हे तिघे बाहेर पडले. उरलेले भारतीय सभासद, ज्यांत डॉ. आंबेडकरही होते, मंडळात राहिले. त्यांची कारणे निराळी होती. राजीनाम्याला धैर्य लागले यात संशय नाही. परंतु तो गांधीजींच्या प्राणासाठी होता. चिमूरसाठी किंवा ऑगस्टच्या अटकांसाठी नव्हता. त्याच वर्षी अण्यांनी त्याच सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला जाण्याचे मान्य केले, त्यामुळे राजीनाम्याची धार आणखी बोथट झाली. तेथे चहामळ्यांतील भारतीय मजुरांचे प्रश्न घेऊन ते १९४७ पर्यंत होते.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने हे सारे पोटात घातले. घटना समितीचे सभासदत्व, मग १९४८ पासून १९५२ पर्यंत बिहारचे राज्यपालपद. इतर कोणी तेथेच थांबला असता.

पण विदर्भाचा प्रश्न उरला होता. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती डावलून विदर्भ आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात गेला. अनसूयाबाई काळे यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या नागपूरच्या जागेसाठी १९५९ मध्ये पोटनिवडणूक झाली तेव्हा ऐंशीच्या घरातील अणे नाग विदर्भ आंदोलन समितीतर्फे उभे राहिले आणि निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या जल्लोषात उभा महाराष्ट्र असताना लोकसभेत वेगळ्या विदर्भाची बाजू मांडणे हे एकाकीपणाचे काम होते. मराठी भाषकांचे एक राज्य असावे, असे मानणाऱ्यांना ते अप्रस्तुतही वाटले. १९६२ मध्ये नागपूरने त्यांना अपक्ष म्हणून पुन्हा पाठविले.

लोकसभा ज्या दालनात भरत असे ते १९२७ साली उघडलेले जुन्या मध्यवर्ती कायदेमंडळाचेच दालन. प्रतियोगी म्हणून, नॅशनॅलिस्टांचा नेता म्हणून आणि कार्यकारी मंडळाचा सभासद म्हणून अणे त्याच छपराखाली बसले होते. आता ते कोणत्याच पक्षाच्या बाकावर नव्हते. मंगरूळपीरला मात्र या खेपेस त्यांच्यासाठी मत देता आले नाही. वऱ्हाडचा हा जुना प्रतिनिधी अखेरची आठ वर्षे वऱ्हाडाबाहेरच्या नागपूरचा प्रतिनिधी होता. १९६७ मध्ये तिसरी लोकसभा संपली. २६ जानेवारी १९६८ रोजी अणे वारले, त्याच प्रजासत्ताक दिनी त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले होते. टिळकांवर त्यांनी संस्कृतात रचलेल्या तिलकयशोर्णव या चरित्रकाव्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले ते १९७३ साली.